मोबाईलवरून सिंचनाचे नियंत्रण : पडद्यावर काय दिसावे?

जालना जिल्ह्यातील बागायतदारापुढे दोन प्रश्न कायमचे आहेत. पहिला पाण्याचा आणि दुसरा विजेचा. २०१२-१३ च्या दुष्काळात अंबड, घनसावंगी, बदनापूर व जालना या तालुक्यांतील मोसंबीच्या अनेक बागा वाळल्या. कित्येकांनी टँकरने पाणी आणून झाडे जगविली, तर कित्येकांना बागेवर कुऱ्हाड चालवावी लागली. त्यानंतर ठिबक सिंचन आणि शेततळी यांचा प्रसार वाढला. २०१६ साली जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु थ्री फेज वीज कधी दिवसा तर कधी रात्री येते. रात्रीच्या पाळीत अंधारातून, विंचूकाट्यातून विहिरीवर जाणे कोणासही नकोसे वाटते. म्हणून मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारी यंत्रणा आज गावोगावी दिसते.

या यंत्रणेची माहिती देताना विक्रेते बहुधा ती कोठूनही मोटार कशी चालू करते हे सांगतात. मोटार खरोखर चालू झाली काय, पाणी झाडापर्यंत पोचले काय आणि मोटार चालू होताना विहिरीत कोणी उतरलेले नाही ना, याबाबत मात्र क्वचितच बोलले जाते. यंत्रणा विकत घेताना, अथवा गावातील एखाद्या हुशार तरुणाकडून जुळवून घेताना, मोबाईलच्या पडद्यावर कोणती माहिती दिसली पाहिजे याचा विचार या लेखात केला आहे.

यंत्रणेचे तीन भाग

महाराष्ट्रात या तंत्राचा पाया जुना आहे. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी तयार केलेल्या ‘नॅनो गणेश’ या मोबाईल पंप नियंत्रकास २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. तेव्हा साध्या फोनवरून आकडे दाबून मोटार चालवावी लागे. आता स्मार्टफोनवर चित्रांसह पडदा दिसतो, ठिबकचे व्हॉल्व्ह आळीपाळीने उघडता येतात आणि सौर पंपाची माहितीही मिळते. साधने बदलली तरी रचना तीच आहे. तिचे तीन भाग पुढीलप्रमाणे आहेत.

१) विहिरीवरील पेटी : स्टार्टर, फेज तपासणारे साधन, करंट मोजणारे साधन आणि निर्णय घेणारे छोटे इलेक्ट्रॉनिक कार्ड यात असते.

२) दळणवळण : सिमकार्ड असलेला मोडेम यात मोडतो. शेतातील व्हॉल्व्हसाठी वायर अथवा बिनतारी संदेश वापरतात.

३) शेतकऱ्याच्या हातातील पडदा : यावर हुकूम देण्याची बटणे व माहिती असते.

यातील एक नियम पक्का लक्षात ठेवावा. मोटारीचे संरक्षण नेहमी पहिल्या भागात, म्हणजे विहिरीवरील पेटीतच असावे. एक फेज गेला, करंट वाढला किंवा मोटारीने पाणी सोडले तर पेटीने कोणास न विचारता मोटार बंद करावी व मग फोनवर कळवावे. फोनवर सूचना येईल, आपण ती वाचू आणि नंतर बंदचे बटण दाबू, तोपर्यंत मोटारीचे वाइंडिंग जळून गेलेले असेल.

हुकूम आणि घटना यांतील फरक

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळ्यांचे कारखाने आहेत. अशा कारखान्यात यंत्रे चालविणाऱ्या माणसासमोर पडदा असतो आणि त्याला तप्त लोखंडाजवळ न जाता आतील स्थिती कळते. हा पडदा कसा असावा याचे शास्त्र मोठ्या अपघातांतून तयार झाले आहे. त्यातील एक अपघात आपल्या कामासाठी फार उद्बोधक आहे.

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माईल आयलंड या अणुवीज केंद्रात दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला. दाब उतरल्यावर तो मिटावयास हवा होता, पण उघडाच अडकला. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र विझला. चालकांनी व्हॉल्व्ह मिटला असे समजून पुढील कामे केली. प्रत्यक्षात तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवत नव्हता. व्हॉल्व्हला ‘मिट’ हा हुकूम गेला एवढेच तो दाखवत होता. दोन तासांहून अधिक काळ थंड ठेवणारे पाणी बाहेर जात राहिले आणि अणुभट्टीचा गाभा मोठ्या प्रमाणात वितळला.

आपल्या विहिरीवर अणुभट्टी नाही, पण चूक अगदी हीच होऊ शकते. बाजारातील साध्या यंत्रणेत फोनवर ‘मोटार चालू’ असे येते, तेव्हा त्याचा अर्थ पुष्कळदा पेटीतील रिले ओढला गेला इतकाच असतो. फुटव्हॉल्व्हला गळती असेल तर मोटार कोरडी फिरेल. पाईप निखळला असेल तर पाणी शेजाऱ्याच्या रानात जाईल. व्हॉल्व्ह उघडला नसेल तर बागेचा अर्धा भाग कोरडा राहील. या तिन्ही वेळी पडद्यावर ‘चालू’ हेच अक्षर राहील. आंबे बहाराची फळे झाडावर असताना मे महिन्यात चार दिवस असे घडल्यास ओलाव्याचा ताण पडून फळगळ होते आणि ती नंतर कितीही पाणी दिले तरी भरून येत नाही.

यास्तव पडद्यावर तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत.

पहिली पायरी, हुकूम पोचला : पेटीस आपला संदेश मिळाला.

दुसरी पायरी, मोटार फिरली : तिन्ही फेजचा करंट अँपिअरमध्ये दिसतो.

तिसरी पायरी, पाणी वाहिले : मुख्य पाईपवर, गाळणीनंतर बसविलेल्या पाणीमापकाचा प्रवाह व दाब दिसतो.

पहिल्या पायरीवर समाधान मानू नये. दुसरी पायरी कोणत्याही यंत्रणेत असलीच पाहिजे. फळबागेस तिसरी पायरी आवश्यक समजावी. पाणीमापकासाठी होणारा खर्च बागेच्या एका बहाराच्या मानाने थोडा आहे.

करंट आणि प्रवाह यांचे वाचन

पाच अश्वशक्तीच्या थ्री फेज मोनोब्लॉक मोटारीस पूर्ण भारावर साधारणपणे ७ ते ८ अँपिअर करंट लागतो. पाणबुडी मोटारीस तो थोडा अधिक असतो. आपल्या मोटारीचा खरा आकडा तिच्या पाटीवर असतो, तो वहीत उतरवून घ्यावा. मोटारीने पाणी सोडले की भार कमी होतो व करंट उतरतो. समजा, पूर्ण पाणी असताना ७.५ अँपिअर आणि पाणी सोडल्यावर ४.५ अँपिअर करंट दिसला, तर पेटीतील खालची मर्यादा दोहोंच्या मध्ये, ६ अँपिअरच्या आसपास ठेवावी. हे दोन्ही आकडे वायरमनच्या मदतीने आपल्याच मोटारीवर मोजावेत. दुकानदाराने ठेवलेली मर्यादा तशीच राहू देऊ नये. पाण्याअभावी मोटार बंद झाल्यास विहिरीला पाझर येण्यास पुरेसा वेळ मिळेपर्यंत ती आपोआप पुन्हा सुरू होऊ नये, अशी व्यवस्था असावी.

आता प्रवाहाचे उदाहरण पाहू. चार एकर मोसंबी आहे. एकरी ११० झाडांप्रमाणे ४४० झाडे होतात. प्रत्येक झाडास ताशी ८ लिटरचे ४ ड्रिपर, म्हणजे ताशी ३२ लिटर पाणी मिळते. ४४० × ३२ = १४,०८० लिटर हा आपल्या बागेचा ताशी प्रवाह झाला. तीन तासांत ४२,२४० लिटर, म्हणजे झाडामागे ९६ लिटर पाणी जावयास हवे. हा आकडा समोर असला की पडदा आपल्याशी बोलू लागतो :

• १४,००० च्या आसपास प्रवाह : सर्व ठीक आहे.

• १०,००० पर्यंत उतरला : गाळणी किंवा ड्रिपर चोंदले आहेत. गाळणीच्या आधीचा व नंतरचा दाब पाहावा. फरक ०.५ किलो प्रति चौ.सें.मी. पेक्षा अधिक असल्यास गाळणी धुवावी.

• ७,००० वर आला : निम्म्या क्षेत्राचा व्हॉल्व्ह उघडलेला नाही.

• १८,००० वर गेला व दाब पडला : पाईप फुटला आहे किंवा नळीचे शेवटचे टोक निघाले आहे. मोटार ताबडतोब बंद करावी.

सौर पंप वापरणाऱ्यांनी तर प्रवाह पाहणे फारच गरजेचे आहे. उन्हाप्रमाणे सौर पंपाचा वेग बदलतो. सकाळी आठ वाजताचा एक तास आणि दुपारी बाराचा एक तास यांत सारखे पाणी मिळत नाही. म्हणून सौर पंपावर पाण्याचा हिशेब तासांत न ठेवता लिटरमध्ये ठेवावा व पडद्यावर ‘आज दिलेले पाणी, लिटर’ हा आकडा मागून घ्यावा.

संदेश थोडे पण कामाचे असावेत

२४ जुलै १९९४ रोजी इंग्लंडशेजारील वेल्समध्ये मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्यापूर्वीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन चालकांसमोर २७५ इशारे आले होते. इतक्या गोंगाटात महत्त्वाचा इशारा कोणता हे ओळखणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते.

फोनवर दर पाच मिनिटांनी ‘लाईट आली’, ‘लाईट गेली’, ‘व्होल्टेज कमी’ असे संदेश येऊ लागले, की चार दिवसांनी आपण ते पाहणेच सोडतो. पाचव्या दिवशी ‘पाणी नाही’ हा संदेशही तसाच न वाचता पडून राहतो. म्हणून संदेशांचे तीन गट करून घ्यावेत.

अ) फोन वाजलाच पाहिजे : पाणी नाही म्हणून मोटार बंद, फेज गेल्याने मोटार बंद, प्रवाह फार वाढला, पेटीचे दार उघडले किंवा केबल तुटली.

ब) संदेश पुरे, आवाज नको : मोटार चालू झाली, पाळी पूर्ण झाली, गाळणी धुण्याची वेळ आली.

क) केवळ नोंद असावी : वीज येण्या-जाण्याच्या वेळा, रोजचे तास, रोजचे लिटर.

संदेशात नुसता ‘दोष क्रमांक ४’ असे नसावे. काय झाले, यंत्रणेने काय केले आणि आपण काय करावे, हे साध्या मराठीत असावे. उदा. ‘पाणी नाही. मोटार बंद केली. फुटव्हॉल्व्ह पाहावा.’ घरातील वडीलधाऱ्यांना अथवा सालगड्यास वाचणे अवघड जात असल्यास हेच वाक्य आवाजात ऐकू येण्याची सोय असावी.

पडद्याची मांडणी

फोन शेतात भर उन्हात, ओल्या-चिखलाच्या हाताने पाहिला जातो. ही गोष्ट लक्षात घेऊन पुढील सूचना पाळाव्यात.

१) पहिल्याच पडद्यावर चार गोष्टी मोठ्या अक्षरांत असाव्यात : वीज, मोटार, प्रवाह आणि कोणत्या पट्ट्यात पाणी चालू आहे. उरलेले सर्व मागच्या पानावर असावे.

२) ‘बंद’चे बटण मोठे असावे व एका दाबात चालावे. ‘चालू’चे बटण त्यापासून दूर असावे आणि ‘विहिरीवर कोणी नाही ना?’ असे विचारूनच पुढे जावे.

३) व्हॉल्व्हना १, २, ३ असे नुसते क्रमांक देऊ नयेत. ‘पाणंदीकडील पट्टा’, ‘लिंबाजवळील पट्टा’ अशी घरात बोलली जाणारी नावे द्यावीत. घरातील कोणाही व्यक्तीस ती न विचारता समजतात.

४) सर्व ठीक असताना पडदा साधा, फिकट असावा. भडक रंग फक्त बिघाडासाठी राखून ठेवावा. कारखान्यांच्या पडद्यांसाठी २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रमाणातही रंगाचा वापर असा जपूनच करण्याचे तत्त्व आहे.

५) केवळ रंगावर विसंबू नये, सोबत शब्दही असावा. आपल्या पेटीवर लाल, पिवळा व निळा हे तिन्ही दिवे लागले म्हणजे वीज ठीक आहे असे आपण समजतो. फोनवर मात्र लाल म्हणजे बिघाड असतो. एकाच घरात लाल रंगाचे दोन अर्थ झाल्यास घोटाळा होतो.

नेटवर्क गेल्यास काय?

शिवारात नेटवर्क सर्वकाळ मिळत नाही. मोटार चालू करण्याचा हुकूम पोचला आणि नंतर नेटवर्क गेले, तर बंदचा हुकूम पोचणार नाही. म्हणून ‘चालू कर’ असा मोकळा हुकूम कधीही देऊ नये. ‘तीन तास चालव’ किंवा ‘४२ हजार लिटर दे’ असाच हुकूम द्यावा. मग फोन असो वा नसो, मुदत संपताच पेटी स्वतः मोटार बंद करील.

दुसरी बाब शिळ्या माहितीची आहे. नेटवर्क गेल्यावर पडद्यावर शेवटची माहिती तशीच गोठून राहते आणि ती ताजीच वाटते. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत तो केव्हाचा आहे ती वेळ दिसावी. ठराविक काळात नवी माहिती न आल्यास ‘चालू’ हा शब्द जाऊन ‘संपर्क नाही’ असे दिसावे. ज्या वेळी स्थिती माहीत नसेल, त्या वेळी पडद्याने तसे सांगावे.

सिमकार्ड घेताना विहिरीवर उभे राहून कोणत्या कंपनीचे नेटवर्क चांगले मिळते ते पाहावे. जुन्या पद्धतीचा टूजी मोडेम असलेल्या पेटीत जिओचे सिम चालत नाही, कारण त्या कंपनीची टूजी सेवा नाही. पेटीतील सिमच्या रिचार्जची मुदत वहीत लिहून ठेवावी. ऐन उन्हाळ्यात मुदत संपली की यंत्रणा मुकी होते. पेटीत लहान बॅटरी असावी, म्हणजे वीज गेल्याचा संदेश वीज गेल्यावरही पाठविता येईल.

वीज येताच सर्वांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या तर डीपीवर भार येऊन ती जळते. एका डीपीवरील शेतकऱ्यांनी आपसात ठरवून प्रत्येकाच्या पेटीत सुरू होण्याचा वेळ दोन-दोन मिनिटांनी पुढे-मागे ठेवावा.

जीविताची सुरक्षितता

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. पूर्वी मोटार चालू करणारा माणूस विहिरीपाशीच उभा असे. आत कोणी उतरले आहे की नाही हे त्याच्या डोळ्यांना दिसत असे. आता बटण दाबणारा जालन्याच्या बाजारात असतो आणि वडील किंवा सालगडी फुटव्हॉल्व्ह काढण्यासाठी विहिरीत उतरलेले असतात. फोनवरील पडद्याला माणूस दिसत नाही. म्हणून पुढील व्यवस्था केल्याशिवाय मोबाईल यंत्रणा वापरूच नये.

१) पेटीवर ‘येथून–बंद–फोनवरून’ असा तीन ठिकाणी फिरणारा स्विच असावा. तो ‘बंद’ किंवा ‘येथून’ वर असताना फोनवरील कोणताही हुकूम चालता कामा नये आणि फोनवर ‘विहिरीवर बंद केले आहे’ असे दिसावे.

२) दुरुस्तीपूर्वी हा स्विच बंद करण्यावरच थांबू नये. मेन स्विच पाडून तिन्ही किटकॅट काढावेत व काम करणाऱ्याने ते स्वतःच्या खिशात ठेवावेत. काम संपल्यावर त्यानेच ते बसवावेत. कारखान्यात यासाठी स्वतःचे कुलूप लावण्याची पद्धत आहे. आपल्याकडेही पेटीला कुलूप लावून किल्ली जवळ ठेवता येईल.

३) मोटार सुरू होण्यापूर्वी अर्धा ते एक मिनिट विहिरीवर मोठ्याने भोंगा वाजावा. ‘ही मोटार केव्हाही आपोआप सुरू होते’ अशी पाटी पेटीवर व विहिरीच्या काठावर लावावी.

४) हुकूम देण्याचा अधिकार घरातील ठराविक क्रमांकांनाच असावा. यंत्रणा बसविणाऱ्याचा क्रमांक काम झाल्यावर काढून टाकावा. कारखान्याहून आलेला सांकेतिक शब्द त्याच दिवशी बदलावा. कोणी, केव्हा मोटार चालू केली याची नोंद सर्वांना दिसावी.

५) पेटीचे व मोटारीचे अर्थिंग दरवर्षी उन्हाळ्याअखेर तपासून घ्यावे.

पैसे देण्यापूर्वी करावयाच्या चाचण्या

यंत्रणा बसविणाऱ्यास व वायरमनला समोर ठेवून पुढील पाच चाचण्या घ्याव्यात.

१) पेटीवरील स्विच ‘बंद’ ठेवून फोनवरून चालूचा हुकूम द्यावा. मोटार सुरू होता कामा नये.

२) मेन स्विच पाडून वायरमनकडून एक किटकॅट काढून घ्यावा, मेन पुन्हा चढवून हुकूम द्यावा. यंत्रणेने नकार द्यावा व ‘एक फेज नाही’ असे कळवावे.

३) मोटार चालू असताना एका पट्ट्याचा व्हॉल्व्ह हाताने मिटवावा. प्रवाहाचा आकडा उतरून तसा संदेश यावयास हवा.

४) दहा मिनिटांचा हुकूम देऊन फोन बंद करावा. मोटार दहा मिनिटांनी स्वतः थांबली पाहिजे.

५) मोटार चालू असताना वीज घालवावी. पडद्यावरील ‘चालू’ हा शब्द एक-दोन मिनिटांत बदलला पाहिजे.

यातील पहिली चाचणी फसल्यास यंत्रणा परत करावी. तिसरी फसल्यास पाणीमापक जोडून घ्यावा. या पाचही चाचण्या वर्षातून एकदा, आंबे बहाराचे पहिले पाणी सोडण्यापूर्वी पुन्हा कराव्यात.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मोबाईल यंत्रणेमुळे रात्रीचे हेलपाटे वाचतात, वीज असेल त्या वेळेचा उपयोग होतो आणि पाण्याचा हिशेब राहतो. हे फायदे मोठे आहेत व ते जरूर घ्यावेत. परंतु पडद्यावरील ‘चालू’ या शब्दावर विसंबून न राहता करंट किती, प्रवाह किती आणि माहिती केव्हाची, हे तीन प्रश्न दरवेळी विचारावेत. शिवाय आठवड्यातून एकदा, पाणी चालू असताना बागेत फेरी मारून शेवटच्या ओळीतील शेवटच्या झाडाखालचा ड्रिपर स्वतः पाहावा. तेथे पाणी पडत असेल तर पडद्यावरचा आकडा खरा आहे असे समजावे.